ओठांपलीकडचा कायदा

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर खिचडीची पातेली मांडली होती आणि डॉ. हेमांगी तोडकर एकेका पातेल्यावर अन्नपारखीचा दांडा धरत पुढे सरकत होत्या. दांड्याच्या टोकातून डोळ्यांना न दिसणारा किरण निघे, खिचडीत शिरून परत फिरे, आणि परतलेल्या प्रकाशातून काय गळाले आहे यावरून यंत्र आतल्या घटकांची नावे सांगे. साखर नाही. पामतेल नाही. कृत्रिम रंग नाही. मीठ मर्यादेत. प्रत्येक पातेल्यावर हिरवा दिवा लागत गेला. ही खिचडी सकाळीच सोलापूरच्या एका सरकारी शाळेतून उडत्या पेटीने पुण्याला आली होती आणि अजून कोमट होती.

“यात काहीही नाही,” हेमांगी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान होते आणि थोडी चीडही होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉ. इरफान मुजावर त्याच शाळेतल्या मुलांच्या रक्ताचे आकडे वाचत बसले होते. ते शरीरक्रियाशास्त्राचे माणूस. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवून मग इकडे आलेले. अन्न हेमांगींचे आणि शरीर मुजावरांचे, अशी दोघांची वाटणीच होती. अन्न निर्दोष होते आणि मुलांची यकृते मात्र पूर्वीसारखीच चरबीने सुजलेली होती. रक्तातली साखर जेवणानंतर उंच चढत होती. शाळेचे जेवण बदलून दोन वर्षे झाली होती; एव्हाना ती उतरायला हवी होती.

शालेय अन्नशुद्धी कायदा आला तेव्हा राज्यात फारसा विरोध झाला नव्हता. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना साठीतल्या माणसांचे आजार होऊ लागले होते, आणि शाळेच्या जेवणात काय काय मिसळले जाते हे बाहेर आल्यावर लोक हादरले होते. कायद्याने काही घटकांवर सरसकट बंदी घातली. घटकांची ती यादी हेमांगींनी तयार केली होती आणि तिच्या अंमलबजावणीचे यंत्रही त्यांनीच बनवले होते. प्रत्येक शाळेत एक अन्नपारखी बसली. तिने हिरवा दिवा दिल्याशिवाय पातेल्याचे झाकण उघडत नसे. ठेकेदारांनी उसाच्या साखरेऐवजी मोडाच्या धान्यातून काढलेला गोड पाक वापरायला सुरुवात केली, तेव्हा हेमांगींनी बंदीच्या व्याख्येत सगळ्याच साध्या शर्करा आणल्या, त्या पाकातली यवशर्करा, म्हणजे माल्टोजसुद्धा. त्या पळवाटा बुजवण्यात वाकबगार होत्या आणि स्वतःच्या या गुणाचा त्यांना अभिमान होता.

“अन्न स्वच्छ असेल आणि मुलं तशीच असतील, तर मधे कुठंतरी काहीतरी होतंय,” मुजावर म्हणाले.

“मधे घर आहे,” हेमांगी म्हणाल्या. “घरून खाऊन येतात, दप्तरात घालून आणतात. आपण पातेल्यावर पहारा बसवला, मुलांवर नाही. आपला कायदा ओठांपर्यंत येऊन थांबतो.”

हेच वाक्य त्यांनी पुढच्या आठवड्यात अन्नशुद्धी आयोगासमोर उच्चारले. आयोगाचे अध्यक्ष रणदिवे यांना ते इतके आवडले की आपल्या प्रत्येक भाषणात ते वापरू लागले. कायद्याला ओठांपलीकडे न्यायचे ठरले. त्यासाठी हेमांगींनी मुखपारखी बनवली. ती पेनाएवढी होती. जेवण झाल्यावर मुलाने तोंड उघडायचे, गाल बोटाने बाजूला ओढायचा, आणि बाईंनी पेनाचे टोक गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचे. तोंडात बंदीतली कुठलीही शर्करा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लाल दिवा लागे.

मर्यादा ठरवताना मुजावरांनी एक शंका काढली होती. तोंड म्हणजे भांडे नव्हे, त्यात अन्न जसे जाते तसे राहत नाही, असे ते म्हणाले. हेमांगींना हे ठाऊक होते आणि त्याची सोय त्यांनी केली असल्याचे त्यांनी सांगितले. प्रयोगशाळेतल्या लोकांना साधा भात खायला देऊन प्रत्येकाचे माप घेतले होते आणि मर्यादा त्याच्या बरीच वर ठेवली होती. हे लोक उपाहारगृहात दोन मिनिटांत जेवण उरकून कामावर परतणारे होते, याचा कुणी विचार केला नाही. निकिता भोईटे नावाच्या एका सहायिकेचे माप मात्र इतरांच्या कितीतरी वर गेले. हिने येताना गोड चहा घेतला असणार, असे म्हणून हेमांगींनी ते माप गाळले. आपण चहा पीतच नाही, असे निकिताने सांगितले होते. पण ते हळू आवाजात सांगितले होते, आणि हेमांगी तोवर पुढच्या माणसाकडे वळल्या होत्या.

सोलापूरच्या त्या शाळेत मुखपारखी सुरू झाली तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा मुलांचा दिवा लाल आला. हेमांगींना वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. त्यांना जे वाटत होते तेच यंत्र सांगत होते. आयोगाने नियम केला की ज्यांचा दिवा पुन्हा पुन्हा लाल येईल त्यांच्या पालकांना बोलावून समज द्यावी आणि त्या मुलांना जेवायला वेगळ्या रांगेत बसवावे, म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल. त्या रांगेला लवकरच मुलांनी नाव दिले, चोरांची रांग.

पहिल्या पालकसभेला हेमांगी स्वतः गेल्या. उन्हामुळे शाळा आता पहाटे भरत आणि दुपार व्हायच्या आत सुटत, त्यामुळे सभा सकाळीच होती. पालक म्हणजे बहुतेक आयाच आल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी विड्या वळणाऱ्या, काही टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या. मुख्याध्यापिका हत्तुरे बाई एकेकीचे नाव घेत आणि ती उभी राही. हेमांगींना हा प्रकार थोडा खटकला, पण त्या काही बोलल्या नाहीत. उपाय कडू असतो, असे त्यांनी स्वतःला समजावले.

अंबिका येमूल हे नाव आले तेव्हा तिशीतली एक सडपातळ बाई उभी राहिली. तिची मुलगी भार्गवी पाचवीत होती आणि तिचा दिवा सगळ्यांत गडद लाल येत होता. इतर आया मान खाली घालून उभ्या राहत आणि बसत. अंबिका मात्र बोलली. आपल्या घरात साखर फक्त चहापुरती येते आणि मुलगी चहा पीत नाही, असे ती म्हणाली. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन येते. वरचे काही देत नाही, परवडतही नाही.

हेमांगी उभ्या राहिल्या. शांतपणे, कुणावर राग न धरता बोलायचे त्यांनी ठरवले होते.

“ताई, तुम्ही मुद्दाम खोटं बोलताय असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “मुलं लपवून खातात. आईला कळत नाही. पण यंत्राला कळतं. माणूस खोटं बोलेल, यंत्र खोटं बोलत नाही.”

भार्गवीला बोलावून तिचे दप्तर सगळ्यांसमोर उघडायला सांगितले गेले. हे हत्तुरे बाईंनी सांगितले, हेमांगींनी नव्हे. पण त्यांनी थांबवलेही नाही. दप्तरात वह्या, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेला भाकरीचा चतकोर निघाला. कुणीतरी मागे हसले. मुलीने ते फडके उचलले आणि ते पुन्हा बांधायचा प्रयत्न करत राहिली. गाठ काही नीट बसेना. खाऊ आधीच खाऊन झाला असणार, अशी नोंद हेमांगींनी मनात केली. अंबिका खाली बसली.

त्यानंतर काही महिन्यांनी मुजावर एका दुपारी हेमांगींच्या खोलीत आले आणि दार लावून घेऊन बसले. त्यांनी आयांची परवानगी घेऊन लाल दिव्याच्या मुलांची लाळ मिरजेच्या आपल्या जुन्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतली होती. परवानग्या मिळायला वेळ लागला होता, कारण आया आता कशावरही अंगठा द्यायला भीत होत्या.

“या मुलांच्या तोंडात उसाची साखर नावालाही नाही,” ते म्हणाले. “गूळ नाही, फळांची साखर नाही. आहे ती सगळी यवशर्करा.”

“म्हणजे मोडाचा पाक. कुणीतरी बाहेर विकतंय.”

“कुणी विकत नाही. मुलं ती स्वतः तयार करतात.”

मुजावर सावकाश बोलत होते, वर्गात बोलावे तसे, पण त्यांची नजर टेबलावर होती. लाळेत एक विकर असते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते आणि त्यांचे यवशर्करेचे तुकडे करते. भात चावला की ती तोंडातच तयार होऊ लागते. हे सगळ्यांच्यात होते, पण सारखे होत नाही. ते विकर बनवणाऱ्या जनुकाच्या कुणाकडे दोनच प्रती असतात, कुणाकडे पंधरा. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या धान्यावर जगले त्यांच्यात प्रती जास्त सापडतात. अशा मुलाने भात नीट चावून खाल्ला तर काही क्षणांत त्याच्या तोंडात इतकी यवशर्करा येते की पेन लाल होणारच. भार्गवी येमूलकडे चौदा प्रती आहेत.

“सातवीच्या विज्ञानात प्रयोग आहे,” मुजावर म्हणाले. “भाकरीचा तुकडा बराच वेळ चावा आणि गोड लागतो का पाहा.”

हेमांगींनी तो प्रयोग केला होता. तो शिकवलाही होता. नोकरी लागण्यापूर्वी त्या वर्षभर शाळेत होत्या. त्यांना सगळे ठाऊक होते. या विकराचे मराठी नाव, इंग्रजी नाव, ते कोणत्या तापमानाला सर्वांत वेगाने काम करते, सगळे. मर्यादा ठरवताना ते हिशेबातही धरले होते. फक्त ते किती मोठे असू शकते हे पाहायचे राहिले होते, आणि ज्या एका बाईने ते दाखवले होते तिच्या नावावर तिने न घेतलेला चहा टाकून त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर निकिता भोईटे कुणाशी तरी हसत बोलत चालली होती.

“मग मुलांचं रक्त का सुधारलं नाही?” त्यांनी पाठमोऱ्याच विचारले.

त्याचेही उत्तर मुजावरांकडे होते. ते सोलापूरच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहात जाऊन आले होते. तिथे कायदा मोडला जात नव्हता. तेल कमी, साखर नाही, मसाला बेताचा; असले जेवण मुले टाकून देत. आणि टाकलेल्या अन्नाबद्दल ठेकेदाराला जाब द्यावा लागे. म्हणून त्याने तुकड्याचा तांदूळ पार लगदा होईपर्यंत शिजवायला सुरुवात केली, त्यात बटाट्याचे पीठ आणि तांदळाचे पीठ घालून तो दाट, मऊ, गिळायला सोपा केला. डाळ कमी झाली, उसळी बंद झाल्या, कारण त्या मुले ताटात ठेवत. यातला कुठलाही घटक हेमांगींच्या यादीत नव्हता. पण असा लगदा पोटात गेला की जवळजवळ साखरेसारखाच रक्तात शिरतो.

“आपण घटकांवर बंदी घातली,” मुजावर म्हणाले. “शरीर यादी वाचत नाही, मॅडम. जे येईल त्याचं जे होतं ते करतं. मुलं बिघडत होती ती आपल्या हिरव्या दिव्यावर. घरची भाकरी त्यातल्या त्यात बरी होती.”

अंबिकाच्या मुलीच्या हातातले ते फडके हेमांगींना दिसत होते. दप्तरातला तो चतकोर, ज्यावर लोक हसले, तोच त्या शाळेतला एकमेव बरा घास होता.

त्यांनी त्याच दिवशी रणदिवेंना फोन केला आणि मुखपारखी ताबडतोब थांबवायला सांगितली. रणदिवेंनी सगळे ऐकून घेतले. मग ते सौजन्याने म्हणाले की तोडकर मॅडम बहुधा जुने आकडे पाहत आहेत. सोलापूरच्या त्या शाळेत लाल दिवे महिन्यामागून महिने कमी होत गेले होते आणि आता जवळजवळ संपले होते. आयांना समज दिल्याचा परिणाम झाला होता. शाळेचा सत्कार ठरला होता आणि मुखपारखी राज्यभर नेण्याचे विधेयक पुढच्या अधिवेशनात येणार होते. सत्काराला त्यांनी यावेच.

हेमांगींनी आकडे मागवले. ते खरे होते. भार्गवी येमूलचा दिवासुद्धा कितीतरी दिवस हिरवा होता.

त्या आकड्यांकडे पाहताना हेमांगींच्या मनात जे आले, त्याची लाज त्यांना पुढे सर्वांत जास्त वाटत राहिली. त्यांना सुटल्यासारखे झाले. मुजावरांचे चुकले असेल. आया खरोखरच काहीतरी देत असतील आणि आता त्यांनी ते बंद केले असेल. आपण त्या सभेत जे बोललो ते बरोबरच असेल. जवळजवळ अर्धा दिवस त्यांनी हा विचार मनात जपून ठेवला. मग मुजावरांना विचारले.

“जनुकं काही महिन्यांत बदलत नाहीत,” मुजावर म्हणाले. “तांदूळ तोच आहे, मुलं तीच आहेत, लाळ तीच आहे. शर्करा तयार व्हायलाच हवी. ती होत नसेल तर का होत नाही ते मला इथं बसून सांगता येणार नाही.”

सत्काराच्या दिवशी हेमांगी सकाळी लवकर सोलापूरला पोचल्या. मंडप सजत होता. रणदिवे यायचे होते. जेवणाची सुट्टी होत होती, म्हणून मुलांबरोबर आपणही बसू असे त्या हत्तुरे बाईंना म्हणाल्या. चोरांची रांग आता उरली नव्हती. सगळी मुले एकत्र, लांब सतरंज्यांवर बसली होती. हेमांगी भार्गवीच्या शेजारी जाऊन बसल्या. मुलीने त्यांना ओळखले असावे, कारण ती किंचित बाजूला सरकली.

ताटे वाढली गेली आणि हेमांगींना पहिल्यांदा जाणवली ती शांतता. दोनशे मुले जेवत होती आणि जेवणाचा आवाज नव्हता. गप्पा नव्हत्या. प्रत्येक मूल खिचडीत पाणी ओतत होते, बोटांनी ती पातळ करत होते, मग लहान गोळा उचलून जिभेच्या अगदी मागे ठेवत होते. मान जराशी मागे जाई, गळा हले, वर पाण्याचा घोट. पुन्हा गोळा, पुन्हा घोट. एकाही मुलाचा जबडा हलत नव्हता. काहींच्या डोळ्यांत पाणी येत होते. ते मनगटाने पुसून ती पुढचा गोळा उचलत. दूर एक छोटी पोरगी खोकली, तिच्या शेजारणीने सवयीच्या हाताने तिच्या पाठीवर थोपटले आणि आपले ताट पुढे ओढले.

हेमांगींच्या हातातला घास हातातच राहिला.

“तुम्ही असं का जेवता?” त्यांनी भार्गवीला हळूच विचारले.

भार्गवीने आधी पेन घेऊन उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिले. “चावलं की लाल होतं,” ती म्हणाली.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. एकदा घाई होती म्हणून गिळलं, तर हिरवं आलं. मग सगळ्यांनी तसंच केलं.” ती थोडी थांबली आणि मग, बहुधा हेमांगींच्या हातातला घास पाहून, त्यांची काळजी वाटून म्हणाली, “तुम्ही पण चावू नका, मॅडम. तुमचं पण लाल होईल.”

पोट दुखते का, असे हेमांगींनी विचारले. दुखते, रोज दुखते, पण थोड्या वेळाने थांबते, असे भार्गवी म्हणाली. जेवण संपल्यावर मुले रांगेत उभी राहिली. एकेकाने तोंड उघडले आणि गाल बाजूला ओढला. पेन एकेका गालाला टेकत गेले. हिरवा, हिरवा, हिरवा. मंडपात कुणीतरी ध्वनिक्षेपकात फुंकर मारून तो चालतो का पाहत होते.

सत्कारात हेमांगी बोलल्या. त्यांनी काही लिहून आणले होते ते वाचले नाही. मुलांचे दिवे हिरवे का झाले हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले: लाळ काय करते, आपण काय मोजले, काय गाळले, आणि मुलांनी त्यातून वाट कशी काढली. यंत्र खोटे बोलले नाही, प्रश्न आपण चुकीचा विचारला, असेही सांगितले. अंबिका येमूल यांच्यासह सगळ्या आयांची त्यांनी नाव घेऊन माफी मागितली. रणदिवेंनी मध्येच उठून समारोप सुरू केला. टाळ्या कशासाठी वाजवायच्या हे लोकांना कळेना, तरी काही वाजल्या. आया मंडपात फारशा नव्हत्याच. सत्कार शाळेचा होता, त्यांना बोलावणे गेले नव्हते.

पुढे विधेयक मागे घेतले गेले. पेने परत आली. स्वयंपाकगृहांत उसळी पुन्हा सुरू व्हायला आणि लगदा बंद व्हायला त्यानंतरही बरेच भांडावे लागले, आणि त्या भांडणात हेमांगींची नोकरी गेली. पण ते सगळे नंतरचे.

त्या दिवशी संध्याकाळी त्या अंबिकाच्या घरी गेल्या. विणकरांच्या जुन्या वस्तीत एका खोलीचे घर होते. अंबिका उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिने हेमांगींना पाहिले आणि सूप बाजूला ठेवून उठली, घाईने पदर सारखा केला, आत येऊन बसायला सांगितले, पाणी दिले. ती घाबरली होती. आता काय झाले, असे तिने विचारले.

हेमांगींनी सांगायला सुरुवात केली. मंडपात शब्द सापडले होते, इथे सापडेनात. तुमच्या मुलीने काही खाल्ले नव्हते, एवढेच त्या शेवटी म्हणाल्या. तुम्ही खरे सांगत होता. आमचे चुकले. मी चुकले.

अंबिकाने सूप पुन्हा जवळ ओढले. ती विडीचे पान बोटांत फिरवत होती.

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात, यंत्र खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “शिकलेली बाई, पुण्याहून आलेली. मला वाटलं, मग पोरगीच खोटं बोलत असंल. घरी आणून मी तिला मारलं. तोंडावर मारलं. खरं सांग, कुठं खातीस म्हणून. ती नाही म्हणत राहिली, आन्‌ मी मारत राहिले. आजवर कधी हात लावला नव्हता मी तिला.”

हेमांगी मान खाली घालून बसून राहिल्या, त्या सभेत त्यांच्यासमोर आया बसल्या होत्या तशा.

“आता ते मशीन येणार नाही ना?” अंबिकाने विचारले.

नाही येणार, असे हेमांगी म्हणाल्या. त्यासाठी आपण लढू.

“मग हिला सांगा तसं. माझं ऐकत नाही. घरी पण तसंच गिळती. किती सांगितलं, बाळा, इथं कोण बघतंय.” तिने आत हाक मारली. भार्गवी आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. अंबिकाने टोपलीतली भाकरी काढली, तिचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली आणि मुलीच्या हातात दिला. “मॅडम काय सांगतात ऐक. खा. चावून खा.”

“खरंच चाव, बाळ,” हेमांगी म्हणाल्या. “आता काही होणार नाही.”

भार्गवीने दोघींकडे पाहिले. तुकडा तोंडात घातला. एकदा चावला, दुसऱ्यांदा चावला. मग तिचा जबडा थांबला. डोळे मिटून तिने घास तसाच गिळला, कोपऱ्यातल्या कळशीतून पाणी घेऊन प्याली, आणि परत येऊन हेमांगींच्या समोर उभी राहिली. तोंड उघडून, गालात बोट घालून, गाल नीट बाजूला ओढून, ती थांबून राहिली.